रोध वाढला की विद्युत शक्ती वाढते की घटते? दहावीच्या मुलीचा प्रश्न

दहावीची आई (सुदामा नगर, इंदूर)

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, शिकवणीचे सर हिंदीतून समजावतात आणि घरी अभ्यास मराठीतून होतो, त्यामुळे 'फोर्स' म्हणजे बल, 'पॉवर' म्हणजे शक्ती आणि 'एनर्जी' म्हणजे ऊर्जा एवढे वेगळे करण्यातच आमचा एक रविवार गेला. त्यात सासूबाईंच्या बोलण्यात या तिन्हींसाठी मिळून 'जोर' हा एकच शब्द आहे.

सध्या विद्युत शक्तीचा भाग सुरू आहे. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा, येथपर्यंत ठीक आहे. पुढे ओहमचा नियम वापरून पुस्तकाने याच सूत्राची दोन रूपे काढली आहेत: एकात शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, दुसऱ्यात विभवांतराचा वर्ग भागिले रोध. पहिल्यावरून रोध वाढला की शक्ती वाढते असे दिसते आणि दुसऱ्यावरून रोध वाढला की ती घटते. एकाच सूत्राची दोन रूपे परस्परांच्या विरुद्ध कशी बोलतात, असे मुलीने शिकवणीत विचारले, तेव्हा 'गणितात जे दिले असेल त्याप्रमाणे सूत्र लावायचे' असे उत्तर मिळाले. त्याने गुण मिळतील, पण तिचे समाधान झालेले नाही.

दुसरी अडचण बिलाची आहे. बिलावर 'स्वीकृत भार' किलोवॅटमध्ये असतो आणि 'खपत' युनिटमध्ये असते. युनिट म्हणजे किलोवॅट प्रति तास असे मी तिला सांगितले, तर 'प्रति' म्हणजे भागाकार आणि पुस्तकात तर गुणाकार आहे, असे म्हणून तिने मला गप्प केले. मी वाणिज्य शाखेची असल्यामुळे माझी मजल येथेच संपते.

तिसरी गोष्ट तिच्या आग्रहाखातर लिहीत आहे. माळ्यावर एक जुना पिवळा बल्ब सापडला, त्यावर १०० वॅट, २२० व्होल्ट असे छापलेले आहे. सूत्राने त्याचा रोध ४८४ ओहम येतो. तिच्या मामाने मल्टिमीटर लावून पाहिला, तर ३८ ओहम दिसले. सूत्र चुकले की मामाचे मीटर बिघडले?

निवृत्त शिक्षक (स्नेहलतागंज, इंदूर)

ताई, हा पहिला प्रश्न वर्गात कोणीतरी आपण होऊन विचारावा, अशी मी दरवर्षी वाट पाहत असे आणि बहुतेक वर्षी ती तशीच राहून जात असे. मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगावी.

दोन्ही सूत्रे खरी आहेत. विरोध दिसतो, कारण 'रोध वाढला तर' एवढेच म्हणून आपण थांबतो आणि त्या वेळी दुसरे काय कायम राहिले हे सांगत नाही. विभवांतर आणि विद्युतधारा दोन्ही तशाच ठेवून रोध बदलणे शक्यच नाही. ओहमच्या नियमानुसार त्यांपैकी एकीला तरी हलावेच लागते. कोणती हलेल, हे सूत्र ठरवत नाही, जोडणी ठरवते. म्हणून सूत्राकडे वळण्यापूर्वी मंडलाचे चित्र काढावे आणि या दोन वस्तूंना समान काय मिळत आहे, विभवांतर की धारा, असा प्रश्न स्वतःला विचारावा.

घरातील सर्व उपकरणे समांतर जोडलेली असतात, म्हणजे पंखा, दिवा, गीझर या प्रत्येकाच्या टोकांना तेच २३० व्होल्टच्या आसपासचे विभवांतर मिळते. येथे विभवांतर कायम असल्यामुळे भागाकाराचे रूप वाचावे: ज्याचा रोध कमी, त्याच्यातून धारा अधिक आणि त्याची शक्तीही अधिक. म्हणूनच २००० वॅटच्या गीझरचा रोध सुमारे २६ ओहम असतो आणि १०० वॅटच्या बल्बचा शेकड्यांत असतो. 'मोठे उपकरण म्हणजे मोठा रोध' असे बहुतेक मुले मनात धरून असतात, ते नेमके उलटे आहे.

आता १०० वॅटचा आणि ६० वॅटचा असे २२० व्होल्टचे दोन पिवळे बल्ब एकसर जोडावेत, म्हणजे हिंदी पुस्तकातील श्रेणीक्रमात, आणि ती जोडी २२० व्होल्टला लावावी. या वेळी दोघांतून एकच धारा जाते, म्हणून गुणाकाराचे रूप वाचावे. छापील आकड्यांवरून रोध ४८४ आणि ८०७ ओहम येतात, धारा सुमारे ०.१७ अँपिअर येते, १०० वॅटच्या बल्बच्या वाट्याला १४ वॅट येतात आणि ६० वॅटच्या बल्बच्या वाट्याला २३. म्हणजे 'लहान' बल्ब अधिक उजळतो. मी हा प्रयोग वर्गात करत असे, आणि बल्ब लावण्यापूर्वी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घेत असे, कारण नंतर 'मला हेच वाटले होते' असे म्हणणाऱ्यांची संख्या फार वाढते.

याच प्रयोगात काही मुले म्हणत की पहिल्या बल्बने धारा खाल्ली, म्हणून दुसऱ्याला कमी मिळाली. ही समजूत मोडणे सूत्रापेक्षा महत्त्वाचे आहे. धारा कोठेही खाल्ली जात नाही; बल्बच्या एका टोकाने जेवढी आत जाते तेवढीच दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. बल्ब घेतो ती ऊर्जा, आणि ती किती वेगाने घेतो ते सांगणारी राशी म्हणजे शक्ती. एक वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल.

मामांचे मीटर ठीक आहे आणि सूत्रही ठीक आहे. टंगस्टनची तार पेटलेली असताना अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते, आणि धातूचा रोध तापमानाबरोबर वाढत जातो. ४८४ ओहम हा पेटलेल्या तारेचा रोध आहे, ३८ ओहम थंड तारेचा. बाराएक पटींचा फरक टंगस्टनच्या बाबतीत अपेक्षितच आहे. वरच्या एकसर जोडणीत बल्ब पूर्ण तापत नाहीत, त्यामुळे १४ आणि २३ हे आकडे काटेकोर नाहीत, पण कोणता बल्ब अधिक उजळेल याचा निकाल त्याने बदलत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. राशीवर बोट ठेवून सूत्र काढून देणारा तो त्रिकोण हल्ली प्रत्येक शिकवणीत शिकवतात. त्रिकोणातून सूत्र निघते, पण कोणत्या वेळी कोणती राशी कायम आहे हे त्यातून कधीच निघत नाही.

वायरिंगवाला (रामबाग, इंदूर)

सरांचे उदाहरण अचूक आहे, पण घरात बल्ब एकसर कोणी जोडत नाही, त्यामुळे मुलांना ती जोडणी पुस्तकातच राहणारी वाटते. मी तीस वर्षे वायरिंगची कामे घेत आहे आणि मला एकसर जोडणी दर हिवाळ्यात भेटते. ती गीझरच्या प्लगमध्ये असते.

सॉकेटच्या आतील पितळी पकड काही वर्षांनी सैल होते, प्लगची पिन तिच्यात घट्ट बसत नाही आणि त्या जागी अर्धा ओहम एवढा जादा रोध तयार होतो असे समजा. हा रोध गीझरच्या २६ ओहमच्या कॉइलशी एकसर आहे, कारण कॉइलमध्ये जाणारी सगळी धारा याच सैल जागेतून जाते. अर्ध्या ओहमने एकूण रोध फारसा बदलत नाही, म्हणून धाराही फारशी बदलत नाही, साडेआठ अँपिअर राहते. आता धारेचा वर्ग गुणिले रोध करून पाहा: ८.५ चा वर्ग ७२, त्याच्या निम्मे ३६ वॅट. छत्तीस वॅट म्हणजे सोल्डरिंग आयर्नची शक्ती, आणि ती हरभऱ्याएवढ्या जागेत. पाणी नेहमीसारखे तापते, त्यामुळे घरात कोणाला काही कळत नाही. एक दिवस प्लग काढायला जावे तर पिन काळी पडलेली असते, तिच्याभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलेले असते आणि जळक्या माशासारखा वास येतो. 'इतक्या चांगल्या कंपनीचा प्लग कसा जळला' असे मला विचारले जाते. अशा वेळी प्लग आणि सॉकेट दोन्ही एकदम बदलावेत. नुसता प्लग बदलला तर सैल पकड तशीच राहते आणि पुढच्या हिवाळ्यात मला पुन्हा फोन येतो.

म्हणजे एकाच गीझरमध्ये दोन्ही सूत्रे कामाला लागलेली आहेत. गीझर किती शक्ती घेईल ते विभवांतर आणि कॉइलचा रोध ठरवतात. ती शक्ती घेताना वाटेत कोठे किती उष्णता सांडेल ते धारेचा वर्ग आणि त्या त्या जागेचा रोध ठरवतात. लांब पल्ल्याच्या तारांवर विजेचा दाब, म्हणजेच विभवांतर, लाखो व्होल्टपर्यंत चढवतात त्याचे कारणही हेच आहे: तेवढीच शक्ती पाठवायची आणि दाब दहापट केला, तर धारा दहावा हिस्सा राहते आणि तारेत वाया जाणारी उष्णता शंभरावा.

स्वीकृत भार म्हणजे आपण एका वेळी जास्तीत जास्त किती शक्ती घेणार याची नोंद. ३ किलोवॅटला २३० व्होल्टने भागल्यास १३ अँपिअर येतात, आणि तारा, मीटर, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर हे सर्व अशा अँपिअरच्या हिशेबाने बसवलेले असते. गीझर, इस्त्री आणि ओव्हन एकाच वेळी चालवले तर भार ओलांडला जाईल, जरी ते दहाच मिनिटे चालले आणि युनिट अर्ध्याच्या आसपास पडले तरी. उलट बारीकसा दिवा वर्षभर अखंड चालवला तर भाराला धक्का लागत नाही, पण युनिट साचत जातात.

पाणीपुरवठ्यातील माणूस (विजय नगर, इंदूर)

गुणाकाराविषयी मुलगी बरोबर बोलली आहे. 'किलोवॅट प्रति तास' ही चूक शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही सर्रास आढळते, आणि ती होण्याचे कारण असे की वेग म्हटला की आपल्याला 'प्रति तास' आठवते. पण येथे वेग वॅटच्या पोटातच आहे, सरांनी लिहिल्याप्रमाणे वॅट म्हणजे ज्यूल प्रति सेकंद. त्याला पुन्हा वेळेने भागले तर शक्ती किती झपाट्याने वाढते आहे असा भलताच अर्थ निघेल. वेळेने गुणले की आतील 'प्रति सेकंद' निघून जाते आणि निव्वळ ज्यूल उरतात. हजार वॅट गुणिले ३६०० सेकंद म्हणजे ३६ लाख ज्यूल, हेच एक युनिट. बांधकामावर पाच मजूर तीन दिवस लागले तर पंधरा मजूर-दिवस धरून पैसे चुकवतात, तेथे 'मजूर प्रति दिवस' असे कोणी लिहीत नाही. किलोवॅट-तास हा त्याच घडणीचा शब्द आहे.

युनिट केवढे असते याचा अंदाज यावा म्हणून आपल्या शहराचेच उदाहरण देतो. इंदूरच्या नळांना येणारे नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून येते आणि वाटेत विंध्याचा घाट चढते. नदी तेथे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास आहे, इंदूर साडेपाचशेच्या आसपास. घाटमाथ्याची जादा चढण बाजूला ठेवून निव्वळ चारशे मीटर धरले, तरी हजार लिटर पाणी, म्हणजे हजार किलो वजन, वर आणण्यासाठी १००० गुणिले ९.८ गुणिले ४००, म्हणजे ३९ लाख २० हजार ज्यूल लागतात. त्याला ३६ लाखांनी भागले की १.०९ युनिट येते. हा आदर्श हिशेब झाला. पंपातील, मोटरीतील आणि नळातील घर्षणाची तूट धरली म्हणजे खर्च यापेक्षा बराच अधिक होतो. तुमच्या गच्चीवरील हजार लिटरची टाकी भरली की एखादे युनिट तिच्यात आधीच ओतलेले आहे, असे मुलीला सांगावे.

या उदाहरणात वेळेचा उल्लेख कोठेच आला नाही, हेही तिने पाहावे. तेच पाणी एका तासात चढवले काय किंवा दहा तासांत, ऊर्जा तेवढीच. बदलते ती शक्ती, आणि तिच्याबरोबर मोटरीचा आकार. इंदूर महानगरपालिकेने जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी २०२३ मध्ये हरित रोखे काढले, त्या बातम्या वाचताना '६० मेगावॅट वीज रोज मिळणार' असे म्हणणारे मला अनेक भेटले. ६० मेगावॅट ही शक्ती आहे, भर उन्हातील कमाल शक्ती. ती पूर्ण तासभर टिकली तर ६० हजार युनिट मिळतील. ढग आले तर कमी, आणि रात्री शून्य. 'रोज किती' याचे उत्तर युनिटमध्येच द्यावे लागते.

दहावीची आई (सुदामा नगर, इंदूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुलीने हे सगळे वाचले आणि आज सकाळी घरातील मीटरवर प्रयोग करायचे ठरवले. आमच्या मीटरवर लाल दिव्याशेजारी '३२०० इम्पल्स' असे छापलेले आहे, म्हणजे एका युनिटला तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. आम्ही इन्व्हर्टर आणि फ्रिजसह सर्व बटणे बंद केली, वीस लिटर पाण्याच्या बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला आणि मगच त्याचे बटण चालू केले. त्यावर १५०० वॅट, २३० व्होल्ट लिहिले आहे. मुलीचा अंदाज वहीत लिहिलेला होता (सरांची सूचना): मिनिटाला ८० लुकलुकी.

प्रत्यक्षात ७५ भरल्या. तिने तीनदा मोजले, मी घड्याळ धरून उभी होते, प्रत्येक वेळी ७५ किंवा क्वचित ७६. पाणी सुरुवातीला २० अंशांवर होते, ४५ अंशांपर्यंत जायला २७ मिनिटे लागली. तापमान पाहताना प्रत्येक वेळी आधी बटण बंद करून रॉड बाहेर काढला, ते थांबे या वेळात धरलेले नाहीत. वीस लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे २० लाख ९३ हजार ज्यूल लागतात, म्हणजे ०.५८ युनिट, असे तिने काढले. मीटरवर मात्र २७ गुणिले ७५, म्हणजे २०२५ लुकलुकी झाल्या, त्याचे ०.६३ युनिट होते. पाच शतांश युनिट कोठे गेले हे तिला समजले आहे, बादली बाहेरून कोमट लागत होती आणि पाण्यावर वाफ दिसत होती. पण ८० ऐवजी ७५ का, याचे उत्तर आम्हाला सापडत नाही. रॉड जुना आहे म्हणून कमी शक्ती घेतो का?

वायरिंगवाला (रामबाग, इंदूर)

ताई, रॉडवर शंका घेण्यापूर्वी छापील ओळ पूर्ण वाचावी: १५०० वॅट, २३० व्होल्ट. दुसरा आकडा ही पहिल्याची अट आहे. ७५ लुकलुकी म्हणजे तासाला ४५००, म्हणजे सुमारे १४०० वॅट. रॉडची तार नायक्रोमची असते आणि तिचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही, टंगस्टनसारखा बारापट होत नाही, म्हणून तो ३५ ओहम धरून चालावे. मग १४०६ वॅटसाठी विभवांतर साधारण २२३ व्होल्ट निघते. सकाळी गल्लीतील सगळे गीझर चालू असताना दाब एवढा उतरणे नेहमीचेच आहे. दाब तीन टक्क्यांनी उतरला आणि शक्ती सहा टक्क्यांनी, कारण सूत्रात विभवांतराचा वर्ग आहे. मामांकडे मल्टिमीटर आहे, त्यांनी याच वेळी दाब मोजून पाहावा. सॉकेटमध्ये टोके घालण्याचे काम मुलीने करू नये.

निवृत्त शिक्षक (स्नेहलतागंज, इंदूर)

वर्गाचा हा परिणाम पुस्तकातील एका नेहमीच्या गणितात येतो: २२० व्होल्टचा १०० वॅटचा बल्ब ११० व्होल्टवर लावला तर शक्ती किती? उत्तर २५ वॅट छापलेले असते. मुलीने आता त्या उत्तराशेजारी 'रोध कायम मानल्यास' असे चार शब्द नव्हे, तीनच शब्द लिहावेत. अर्धवट तापलेल्या तारेचा रोध कमी असल्यामुळे खरा बल्ब २५ पेक्षा काहीसे अधिक वॅट घेईल, हे मामांच्या ३८ ओहमवरून तिला आता सांगता येईल. परीक्षेत मात्र २५ च लिहावे.

दहावीची आई (सुदामा नगर, इंदूर)

मामा आज सकाळी आठ वाजता आले होते. दाब २२४ व्होल्ट भरला. मुलगी दिवसभर त्याच आनंदात आहे.

एक मात्र राहिले. रॉड बंद करून आम्ही सर्व आवरल्यावरही ती मीटरसमोर स्टूल टाकून बसली होती, घरातील एकही बटण चालू नव्हते, आणि तरीही दिवा दर पाच मिनिटांनी एकदा लुकलुकत होता. तासाला १२ लुकलुकी म्हणजे पावणेचार वॅट, असे तिने लगेच काढले आणि घरभर शोध सुरू केला. टीव्हीच्या मागे, भिंतीवरील ज्या सॉकेटला बटणच नाही त्यात सेट टॉप बॉक्सचा प्लग होता. महिन्याचे सुमारे २.७ युनिट होतात असे तिने बिलाच्या मागे लिहून ठेवले आहे, आणि सासूबाईंना रात्री प्लग काढायला सांगायचे कोणी, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.